मामा तलावाजवळच्या शेतात तंबू: पाचपैकी कोणती जागा घ्यावी? (आंघोळ-कपड्यांचा आडोसा महत्त्वाचा)

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शेतावर दोन रात्री तंबूत मुक्काम आहे. नऊ जण आहोत, पाच बाया आणि चार माणसं. चार तंबू, प्रत्येकाचा तळ ८ बाय ७ फूट. मुक्कामाची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. शेतमालकांनी पाच जागा दाखवल्या, त्यातली कोणतीही घ्या म्हणाले.

पहिली: तलावाच्या काठाला, पाणी ओसरून मोकळी झालेली गवताळ पट्टी. दिसायला सगळ्यांत देखणी.
दुसरी: पाळेच्या (तलावाच्या बांधाच्या) बाहेरच्या पायथ्याशी, धान कापलेल्या बांधीत, आंब्याखाली. पाळ १२ फूट उंच आहे.
तिसरी: शेताच्या वरच्या टोकाला बरडीवर (खडेदार जमिनीवर). पळस आणि बोरीची झुडपं. मालकांच्या घरापासून ६००-७०० फूट. धुऱ्यापलीकडे (शेताच्या बांधापलीकडे) लगेच झुडपी जंगल.
चौथी: घर आणि विहिरीजवळचं खळं. सपाट आहे, पण पुंजणं (कापलेल्या धानाची रास) अजून उभं आहे आणि डोक्यावर खांबाचा दिवा.
पाचवी: नाल्याच्या काठी, दोन मोठ्या अर्जुनाच्या झाडांखाली.

बायांचं म्हणणं एकच आहे. आंघोळ, कपडे बदलणं आणि रात्री उठणं या तीन वेळांना कोणाची नजर पडेल ही धास्ती नको. सकाळच्या उन्हात केस मोकळे सोडून, गाऊनवर, पदर-ओढणीची काळजी न करता तासभर बसता यावं. पक्कं संडास-न्हाणीघर फक्त मालकांच्या घरी आहे, ते त्यांच्या कुटुंबाचं आहे आणि आम्हाला रोज तिथं गर्दी करायची नाही. कोणती जागा घ्यावी?

पाळेवरची वाट

ताई, जागा निवडताना लोक झाड, पाणी आणि सपाटी बघतात. तुम्ही आधी हे बघा की पहाटे साडेचारपासून अंधार पडेपर्यंत त्या जागेवरून कोण कोण जातं.

मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, निर्जन कधीच नसतो. अंधार असतानाच पाळेवरून लोक डबा घेऊन जातात. पाच-साडेपाचला ढिवर मंडळी जाळी बघायला डोंग्यात उतरतात आणि आठपर्यंत पाण्यात असतात. पाण्यातून काठाकडे बघताना मध्ये एक झुडूपसुद्धा आड येत नाही. मग धुणं घेऊन बाया येतात. नऊच्या सुमाराला गायकी (गुराखी) ढोरं घेऊन येतो, दुपारी पाणी पाजायला पुन्हा येतो आणि साडेपाचला दिवस बुडताना परत फिरतो. त्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता आहे, त्यांना बाजूला व्हा म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. तुम्हाला ज्या वेळेला आडोसा हवा, नेमक्या त्याच वेळेला तिथं वर्दळ असते. पहिली जागा सोडा. ओसरलेली जमीनही फसवी असते. वरून कोरडी दिसते, टाच दाबून धरली की खड्ड्यात ओल चढते, आणि मध्यरात्रीपर्यंत तंबूचा तळ गार पडतो.

दुसऱ्या जागेचा हिशेब आकड्यांतच मांडतो, कारण इथं बहुतेकांची चूक होते. आडोसा ७ फुटी केला की झालं असं वाटतं, पण पाळ १२ फूट आणि वर उभ्या माणसाचे डोळे आणखी ५ फूट, म्हणजे नजर १७ फुटांवरून खाली येते. आडोशाच्या माथ्यापेक्षा १० फूट वरून. आडोसा पाळेपासून २० फुटांवर असेल तर ती नजर दर २ फुटांना १ फूट उतरते. पडद्यापासून ६ फूट आत उभी असलेली बाई छातीपर्यंत दिसते. तोच आडोसा ६० फुटांवर नेला तर नजर ६ फुटांना १ फूटच उतरते आणि आत काही दिसत नाही. पाळेच्या पायथ्याशी ६० फूट सोडले तर बांधीच संपते. आंब्याचा उपयोग नाही, त्याच्या फांद्या डोक्यावर आहेत आणि नजर खोडाच्या बाजूनं येते.

पाचवीत वेगळीच पंचाईत. नाल्याचं कोरडं पात्र म्हणजे रानडुकरांची आणि गावातल्या गुराख्यांची पायवाट. गारठा तिथं सगळ्यांत जास्त साचतो. शिवाय डिसेंबर-फेब्रुवारीत आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट होऊ शकते, वर पडलेलं पाणी तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही खाली येतं.

उरल्या तिसरी आणि चौथी.

बरडी-मुरूम

तिसरी घ्या. जमिनीच्या कारणानं सांगतो.

झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी जमिनीची नावं उगाच पडलेली नाहीत. कन्हार काळी आणि चिकट, ओल धरून ठेवते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगेत खुंटी ढिली होते. बरडी खडेदार, लालसर. तिच्यात पाणी थांबत नाही, तळ कोरडा राहतो, सांडपाणीही लवकर मुरतं. अडचण खुंट्यांची. तंबूबरोबर मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सहा-सात इंची खुंट्या मुरमात दोन हातोड्यांत वाकतात. वेल्डिंगच्या दुकानातून ८ मिलिमीटर सळईचे फूटभर तुकडे कापून घ्या, एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला आकडा वाकवून. चार तंबूंना ४० पुरतात. ठोकताना डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा, सरळ उभी ठोकली तर दोरीच्या ओढीनं वर निघून येते.

थंडीला हलक्यात घेऊ नका. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, आणि गोंदियाकडे डिसेंबरात दहाच्या खाली जाणं नेहमीचं. गार हवा जड असते, पाण्यासारखी उतारानं वाहते आणि बांधीत साचते. म्हणून दहा-पंधरा फूट उंचावरची जागा निवडली की पहाटेचं दहिवर कमी, तंबू कमी ओला.

तंबूखाली चार-पाच इंच तणीस (धानाचा वाळलेला पेंढा) पसरा, त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू. मालकांकडे तणीस आहेच, पण नवी कोरडी घ्या. जुन्या ढिगाच्या तळातली घेतली तर उंदीर-विंचू सोबत येतात. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच आत दुमडा. ती बाहेर डोकावली तर वरच्या कापडावरून ओघळलेलं दहिवर तिच्यावर पडून सरळ तुमच्या पाठीखाली येतं. ‘तंबू गळतो’ अशी तक्रार असते तेव्हा अर्ध्या वेळा कारण हेच निघतं.

उतार हाताच्या अंदाजानं ठरवू नका. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. हळू घरंगळली तर चालेल, पळाली तर नको. डोकं नेहमी चढाच्या बाजूला. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून, म्हणून दारं आग्नेयेकडे, सकाळचं ऊनही मिळतं. आणि जाळीच्या खिडक्या दोन बाजूंनी चार-चार बोटं उघड्या ठेवा. गारठ्यानं सगळं बंद केलं की श्वासाची वाफ कापडाला धरते आणि पहाटे अंगावर टपटपते. शेगडी, निखाऱ्याचं घमेलं तंबूत न्यायचं नाही. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

जागलीवरून

वरच्या दोघांचं बरोबर आहे, फक्त तिसरी जागा आहे तशी घेऊ नका.

बोरी आहेत असं ताईंनी लिहिलं आहे. बोरं पिकतात नेमकी डिसेंबर-जानेवारीत आणि अस्वल त्यासाठी रात्रीचं येतं. दिवसा जाऊन झुडपांखाली बघा. विष्ठेत बोराच्या आठळ्या, शेजारचं वारूळ समोरून खोदलेलं, नखांचे लांब ओरखडे, यातलं एकही दिसलं तर ती झुडपं त्याच्या फेऱ्यात आहेत. हा पट्टा नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारचा, तो व्याघ्र प्रकल्प २०१३पासूनचा आहे, आणि जनावर प्रकल्पाची हद्द ओळखत नाही. अस्वलाशी अवचित गाठ पडते ती बहुतेक वेळा लघवीला उठलेल्या माणसाची. म्हणजे तुमच्या तीन काळज्यांपैकी तिसरी.

दुसरं, धुऱ्यापलीकडे एक खुंटीसुद्धा ठोकू नका. झुडपी जंगल ही वनजमीनच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथं चूल पेटवली तर गोष्ट वनखात्याकडे जाते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आजूबाजूच्या वावरांत डुकरांसाठी करंट सोडला आहे का, हे मालकांना आणि शेजारच्या दोन्ही शेतकऱ्यांना स्वतः विचारा. सौर झटका मशीन असेल तर ती थांबून थांबून टिकटिकते, तिचा धक्का बसतो पण माणूस वाचतो. थेट लाइनवरून सोडलेली तार गुडघ्याच्या खाली, गवतात, अंधारात दिसत नाही आणि ती बेकायदा आहे म्हणून कोणी आपणहून सांगत नाही. आडोसा शोधत शेजारच्या शेतात शिरणं इथंच जिवावर बेततं. रात्रीचा रस्ता एकच ठरवा आणि सगळ्यांना दिवसाउजेडी चालून दाखवा.

माझं मत: तिसऱ्या जागेपासून घराकडे अडीच-तीनशे फूट खाली सरका. तीच बरडी मिळेल आणि हाक घरापर्यंत पोचेल. लांबची जागा म्हणजे आडोशाची जागा असं नसतं. लांबच्या जागेवर कोण येतं ते कोणालाच दिसत नाही, घराजवळ परका माणूस आला तर कुत्रं आधी भुंकतं.

खळ्यावर झोपू नका. पुंजण्यात उंदीर, उंदरांमागे साप. थंडीत साप कमी फिरतात हे खरं, पण घोणस हिवाळ्यातही दिसते, धानाच्या बांधीत तर हमखास. मण्यार रात्री जमिनीवरच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण बंद, पायताण आत घ्यायचं आणि सकाळी झटकून घालायचं. आणि पुंजण्यापासून १०० फुटांच्या आत विस्तव नाही. एका ठिणगीत शेतकऱ्याचं वर्षभराचं धान जातं, त्याची भरपाई कशानंच होत नाही.

वैनगंगाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काल पुन्हा शेतावर जाऊन पाहिलं. बोरीखाली आठळ्यांची विष्ठा दिसली, वाळलेली होती. मालक म्हणाले, चार-पाच दिवसांपूर्वीची असेल. ती जागा रद्द.

तीनशे फूट खाली एक पडीत तुकडा आहे, साधारण ६० बाय ४० फूट, बरडीच. बाटली हळू घरंगळते. उत्तरेला आणि पश्चिमेला धुऱ्यावर तूर उभी आहे, माझ्या डोक्याच्या वर. दक्षिणेला पळसाची रांग, पूर्व बाजू मोकळी, तिकडे मालकांचं घर ३५० फुटांवर. पाळ पश्चिमेला ४०० फुटांवर आहे, तुरीमुळे दिसत नाही. करंटचं विचारलं, दक्षिणेच्या शेतात झटका मशीन आहे, थेट लाइन कुठं नाही असं दोघांनीही सांगितलं. आता न्हाणी आणि रात्रीची सोय कुठं आणि कशी करावी?

तट्ट्याची न्हाणी

जागा छान सापडली ताई. तूर म्हणजे आयता पडदा. मालकांना आजच सांगून ठेवा की मुक्काम होईपर्यंत त्या दोन धुऱ्यांवरची तूर कापू नका, कारण डिसेंबरअखेरीपासून कापणी सुरू होते आणि तुम्ही पोचाल त्या दिवशी तिथं नुसती धसकटं असतील. तुरीला चिकटून तंबू मात्र लावू नका. डुक्कर तिच्यात दडतं, १५ फूट सोडा.

तंबू घोड्याच्या नालासारखे मांडा, उघडं तोंड आग्नेयेला. बायांचे दोन तंबू तुरीच्या कोपऱ्यात, माणसांचे दोन बाहेरच्या टोकांना. दारं सगळी आतल्या अंगणाकडे. दोन तंबूंमध्ये ८ फूट ठेवा, नाहीतर रात्री उठणारा दोऱ्यांत अडकून पडतो. पूर्वेच्या मोकळ्या बाजूला एक जुनी सतरंजी किंवा धोतराचं पान पाच फूट उंच ताणलं की आतलं अंगण तुमचं. सकाळचं ऊन वरून येतं, घराकडची नजर अडते. केस वाळवत बसायची जागा तीच.

न्हाणी वायव्य कोपऱ्यात, तुरीपासून १० फूट अलीकडे, बायांच्या तंबूंच्या मागं. माप ६ बाय ४ फूट. सहा बांबू, प्रत्येकी ९ फूट, दीड-दोन फूट जमिनीत. चार कोपऱ्यांना चार, दोन लांब बाजूंच्या मध्यावर. भोवती बांबूचे तट्टे बांधा, बुरडाकडे मिळतात. हिरव्या नेटवर भिस्त ठेवू नका. दिवसा बाहेर ऊन आणि आत सावली असते तोवर ती झाकते. पहाटे आत दिवा लावला आणि बाहेर अंधार असला की तीच नेट आरशासारखी उलटते, आतलं सगळं बाहेर दिसतं. तट्टे नाहीच मिळाले तर नेट दुहेरी लावा आणि आतून जाड चादर. दाराला लोंबता पडदा नको, वाऱ्यानं उडतो. तट्टा दाराच्या पुढं तीन फूट वाढवून वळणाचं तोंड करा, गुरांच्या कोठ्याला असतं तसं. तिथं पडदा लागतच नाही.

आत उभं राहायला सपाट फरशीचे दोन तुकडे किंवा लाकडी पाट, म्हणजे पाय चिखलात जात नाहीत. कपडे टांगायला बांबूला आडवी दोरी छातीच्या उंचीवर बांधा, डोक्याच्या उंचीवर बांधली तर कपडे तट्ट्याच्या वर दिसतात आणि आत कोण आहे ते बाहेर कळतं. पाणी माणशी १५ लिटर धरा, नऊ जणांचं १३५. शोषखड्डा ३ बाय ३ फूट, खोली २ फूट. तो दगड-विटांच्या तुकड्यांनी भरला की पोकळी साधारण ४० टक्के उरते, म्हणजे २०० लिटर मावतात. बरडीत रात्रीपर्यंत मुरतं. विहीर ३५० फुटांवर आहे, ती चिंता नाही. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, १५ लिटरच्या बादलीला तीन लिटर उकळतं पुरतं. चुलीवर पाण्याचा एक मोठा गंज (पातेलं) सतत राहू द्या.

रात्रीसाठी बायांना लांब पाठवूच नका. बायांच्या दोन तंबूंच्या मध्ये, मागच्या बाजूला, ४ बाय ४ चा वेगळा आडोसा करा आणि त्यात घट्ट झाकणाची २० लिटरची बादली. तळाला चार इंच धानाचा कोंडा, प्रत्येक वेळेनंतर दोन मुठी कोंडा आणि थोडी राख. वास येत नाही. सकाळी एकानं ती खड्ड्यात रिकामी करायची, पाळी आधीच वाटून घ्या, ऐन वेळी ते काम नेहमी एकाच बाईवर येतं. दिवसाचा खड्डा नैर्ऋत्येला, पळसापलीकडे, तंबूंपासून ८० फूट, दोन फूट खोल. वारा उत्तरेचा असल्यानं वास उलट दिशेला जातो. जाताना बुजवून माती दाबा.

पाळेवरची वाट

तट्ट्याच्या न्हाणीत एक भर घालतो, दिव्याची. तंबूच्या मधोमध दिवा टांगला की कापडाच्या चारही भिंतींवर सावल्या पडतात. कपडे बदलणारी बाई बाहेरून पूर्ण आकारात दिसते, शंभर पावलांवरूनही. दिवा जमिनीवर ठेवला तर सावली आणखी मोठी होते. दिवा मंद घ्या आणि अंगणाकडच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवा. मग सावली समोरच्या, तुरीकडच्या भिंतीवर पडते, तिथं बघायला कोणी नाही. त्याहून सोपं म्हणजे दिवा विझवून, बाहेरच्या उजेडावर कपडे बदलणं. अंगणातला दिवा जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवा, वाट दिसते, तोंडं दिसत नाहीत, किडेही कमी येतात.

मोबाइलचा नियम आधी ठरवा. न्हाणीच्या दिशेला कॅमेरा नाही, मग तो उगवत्या सूर्याचा फोटो का असेना. गावातलं किंवा सोबतचं कोणी चोरून फोटो काढलाच तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाच एक ते तीन वर्षं कैद. पोलीस पाटलांना मुक्कामाच्या आदल्या दिवशी भेटून या. नऊ माणसं आली आहेत, कोणाच्या शेतात आहेत, किती दिवस आहेत, एवढं गावाला माहीत असलं की कुतूहलानं डोकावणारे निम्म्यानं कमी होतात.

जागलीवरून

गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा आणि किल्ली ठरलेल्या जागी ठेवा. सर्पदंशाची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे निघण्याआधी फोन करून विचारा, रुग्णवाहिका १०८. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही, हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना. जनावर दिसलं तर वनखात्याचा १९२६. उष्टं, खरकटं, मासळीचे काटे रात्री तंबूजवळ राहू देऊ नका, झाकणाच्या डब्यात गाडीत ठेवा.

वैनगंगाकाठ

तट्टे सहा सांगितले, ७ बाय ५ चे. बांबू मालकांच्याच बेटातले घेते, ते नको म्हणत असले तरी पैसे देऊन. सळईच्या खुंट्या परवा मिळतील. मालकांनी तूर ३ जानेवारीपर्यंत ठेवतो म्हटलं आहे. एकच राहिलं: वळणाच्या तोंडाची दिशा कोणती ठेवू? तंबूंकडे की तुरीकडे?

तट्ट्याची न्हाणी

तंबूंकडे. तुरीकडे केलं तर बाईला बाहेर पडताना पाठीमागं काय आहे ते दिसत नाही, आणि रानडुक्कर आलंच तर ते तिकडूनच येतं. तट्टे सहा कमी पडतील, वळणासाठी सातवा आणि रात्रीच्या आडोशासाठी आणखी तीन सांगा. त्याची चौथी बाजू तंबूच्या पाठीनं झाकते, पण आत शिरायला तंबूलगत दीड फूट फट सोडा.